देवगडचं आमचं साधं मॉडर्न घर: पावसाळे काढल्यानंतर आर्किटेक्टच्या कामाचा रिव्ह्यू

देवगड तालुक्यात सड्याच्या (वरच्या उघड्या सपाट कातळाच्या) कडेला, विजयदुर्गच्या खाडीकडे उतरत जाणाऱ्या जागेत आम्ही घर बांधलं. सासरचं जुनं मातीचं घर मागच्या बाजूने खचलं होतं, दुरुस्तीच्या पलीकडे गेलं होतं. नवीन घराचं डिझाइन एका छोट्या फर्मकडून करून घेतलं, नवरा-बायको दोघंही आर्किटेक्ट, सिंधुदुर्गातच राहतात, आणि हा त्यांच्या कामाचा रिव्ह्यू आहे. नाव देत नाही कारण खाली तक्रारी पण लिहिल्यात आणि एवढ्या छोट्या फर्मच्या पोटावर पाय नको. घर झाल्या झाल्या लिहायचं नाही असं आधीच ठरवलं होतं, मे महिन्यात कोकणात कुठलंही नवं घर छानच दिसतं, खरी परीक्षा जून ते सप्टेंबर. ती बघून झाली, आता लिहिते.

थोडक्यात सांगायचं तर काम उत्तम, फी वसूल, आणि सगळ्यात जास्त वसूल झाली ती त्यांनी आम्हाला जे जे करू दिलं नाही त्यात.

पहिलं म्हणजे जमीन. त्यांच्या आधी आम्ही कॉन्ट्रॅक्टर लोकांना बोलावलं होतं, सगळ्यांचं म्हणणं एकच, जेसीबी लावा, एका दिवसात लेव्हल करून देतो, मागे उतार कापायचा, पुढे भराव घालायचा, मागून रिटेनिंग वॉल (माती अडवणारी भिंत). ऐकायला सोपं वाटतं आणि गावात आजूबाजूला बहुतेक बंगले तसेच झालेत. आर्किटेक्ट बाईंनी आधी कंटूर सर्वे करून घेतला (म्हणजे जागेची उंच-सखल पातळी फूट-फूट मोजून नकाशावर रेषा काढतात) आणि मग भर जुलैमध्ये छत्री घेऊन जागा बघायला आल्या. त्यांचं म्हणणं, पाणी कुठून येतं हे पावसातच कळतं. आणि खरंच, वरच्या सड्यावर पडलेलं पाणी कातळाच्या भेगांतून झिरपत आमच्या जागेत दोन ठिकाणी उपळतं, हे गावात इतकी वर्षं येऊन जाऊन असलेल्या आमच्या घरच्यांनाही नीट माहीत नव्हतं. जांभ्याचा थर वर कडक असतो, पण त्याच्या खाली मऊ चिकणमातीचा थर असतो, उतार कापला की तो उघडा पडतो आणि पाणी लागलं की घसरतो. शिवाय अर्धं घर कापलेल्या जमिनीवर आणि अर्धं भरावावर उभं केलं की भराव बसतो आणि बरोबर मधोमध तडा जातो. हे सगळं त्यांनी आम्हाला कागदावर स्केच काढून समजावलं, रागावून नाही, घाईने नाही.

मग घर तीन पातळ्यांवर केलं, उताराप्रमाणे खाली उतरत, प्रत्येक पातळीत साधारण दीड फुटाचा फरक. मागचा कातळ हलवलाच नाही. एका कोपऱ्यात तर तो जोत्याच्या आत घेतलाय, न्हाणीघराच्या बाहेर हात धुवायला जी जागा आहे तिथे पायाखाली तोच मूळ कातळ आहे, फक्त वरून साफ केलेला. उपळाचं पाणी घराच्या दोन्ही अंगांनी दगडी चर काढून खाली आंब्यांच्या बागेत सोडलंय. आईंचे (सासूबाईंचे) गुडघे दुखतात, तेव्हा पायऱ्यांची भीती होती, पण त्यांची खोली, स्वयंपाकघर, देव आणि बाथरूम हे सगळं एका पातळीवर ठेवलं, त्यांना दिवसभरात पायरी उतरावी लागत नाही. हे आम्ही सांगितलं नव्हतं, त्यांनी पहिल्या भेटीत आईंना चालताना बघितलं होतं.

दुसरं, झाड. जागेच्या मधोमध जुना रातांबा (कोकमाचं झाड) आहे. गवंडी पहिल्या दिवशीच म्हणाले, "वहिनी, ह्यां झाड काढूकच व्हयां" (काढायलाच पाहिजे). आर्किटेक्टनी झाडाच्या घेराचा माप घेऊन प्लॅनवर गोल काढला आणि त्या गोलात जोतं येणार नाही, खोदाई होणार नाही, सिमेंटच्या गोणी पण ठेवायच्या नाहीत असं लिहून दिलं. त्यामुळे घराला मधे एक खाच पडली, दोन खोल्यांच्या मधे झाडाएवढं उघडं अंगण आलं. आता त्या खाचेमुळेच स्वयंपाकघरात दुपारी दिवा लागत नाही आणि मे महिन्यात ओट्यावरून हात पुढे केला की रातांबे काढता येतात. जमिनीवर लाल डाग पडतात, ते पडू देत, म्हणून तिथे फरशी न घालता चिऱ्याचे (जांभा दगडाच्या विटांचे) तुकडे घातलेत.

आता मुख्य मुद्द्यावर येते कारण मिनिमलिस्ट (कमीत कमी गोष्टींचं, साधं) घर म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर जे येतं तेच आमच्या दिरांच्या पण डोळ्यासमोर होतं. पांढरा शुभ्र चौकोनी बॉक्स, सपाट स्लॅब, मोठ्ठ्या काचा, बाहेर एक झाड. मोबाईलवर असे फोटो ढिगाने मिळतात आणि फोटोत ते सुंदर असतं, त्यात वाद नाही. पण आमच्याकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही चार महिन्यांत, नैऋत्येकडून वाऱ्याबरोबर आडवा. पांढऱ्या रंगाच्या भिंतीला वर छपराची सावली नसेल तर दुसऱ्या पावसाळ्यात ती हिरवी-काळी होते, आमच्या रस्त्यावर असे दोन बंगले आहेत, दर दिवाळीला पुन्हा रंग. सपाट स्लॅब गळते, मग त्यावर पत्र्याची शेड चढते, निळी नाहीतर हिरवी, आणि ज्या मिनिमलिस्ट दिसण्यासाठी सगळं केलं तेच संपतं. जागेशी मिसळणारं घर पाहिजे असेल तर तिथला पाऊस जिथून येतो तिथून डिझाइन सुरू करायला लागतं, फोटोतल्या देशातल्या हवेपासून नाही. हे मत माझं, आर्किटेक्ट एवढं तोडून बोलले नाहीत.

त्यांनी दिरांना समजावायला दोन इमारतींचे फोटो दाखवले होते. एक श्रीलंकेतलं दंबुल्लाजवळचं कंदलामा हॉटेल, तिथल्या जेफ्री बावा या आर्किटेक्टनी नव्वदच्या दशकात कड्याला लपेटून बांधलेलं, आज वेलींनी इतकं झाकलंय की लांबून इमारत कुठली आणि डोंगर कुठला ते पटकन कळत नाही. दुसरं आपल्या कोकणातलं, रायगड जिल्ह्यातल्या नांदगावचं पामायरा हाऊस, स्टुडिओ मुंबई या फर्मच्या बिजॉय जैन यांनी २००७ साली नारळाच्या वाडीत केलेलं, ज्याला बाहेरून ताडाच्या लाकडाच्या पट्ट्यांच्या झडपा आहेत, म्हणजे वारा आत येतो आणि ऊन बाहेर राहतं. दोन्ही एकदम मॉडर्न आहेत आणि दोन्हीत दिखाऊ काही नाही. ते बघून दिर गप्प झाले नाहीत, पण काचांचा आग्रह सुटला.

आमच्या घराला उतरतं कौलारू छप्पर आहे आणि ते भिंतीच्या बाहेर चार फूट येतं. पश्चिमेला पडवी दहा फूट खोल आहे. इथे जरा थांबून लिहिते कारण हा सगळ्या घरातला सगळ्यात विचार केलेला भाग आहे. खाडी पश्चिमेला दिसते, पाऊस पण तिकडूनच येतो आणि मार्च ते मे दुपारचं ऊन पण तिकडूनच, म्हणजे जिकडे बघायचंय तिकडूनच सगळा त्रास. त्यांनी पडवीच्या बाहेरच्या कडेला छप्पर इतकं खाली आणलंय की उभं राहिलं तर डोळ्यासमोर वळचण येते, खाडी अर्धी झाकली जाते. आम्हाला प्लॅनवर हे खटकलं होतं. पण कडेला सलग चिऱ्याचा बसायचा कट्टा आहे, दीड फूट उंच, आणि त्यावर बसलं की वळचणीखालून खाडीचं पाणी, पलीकडचा डोंगर आणि मधली कलमं एवढंच एका लांब पट्टीत दिसतं, आकाशाची चकाकी डोळ्यात येत नाही. दुपारी चार वाजता ऊन कट्ट्यापर्यंत येऊन थांबतं, आत येत नाही. जुलैत झड सुरू असताना कट्टा भिजतो, पण कट्ट्याच्या आतल्या बाजूला घातलेली खाट कोरडी राहते.

पागोळ्यांना पन्हळ लावलेली नाही. आंबा आणि फणसाच्या पानांनी पन्हळ आठवड्यात तुंबते आणि मग पाणी नेमकं भिंतीवर ओतते. त्याऐवजी जिथे पागोळ्या पडतात त्या ओळीत जमिनीवर फूटभर रुंद चर आहे, खाली चिऱ्याचा तळ आणि वर खाडीतले नव्हेत, नदीतले गोटे. पाणी गोट्यांवर पडतं, चिखल उडत नाही, जोतं लाल होत नाही. गोटे मात्र वर्षातून एकदा काढून धुवावे लागतात, हे काम आहे, कुणीतरी करायला पाहिजे.

कौलं मंगलोरी. वानरांमुळे गावात सगळे कौलं काढून पत्रे घालतायत, हा खरा प्रश्न आहे, वानर उडी मारतात आणि कौलं फुटतात. आमच्याकडे लोखंडी फ्रेमवर आधी सिमेंटचे शीट आणि त्यावर कौलं असं केलंय, म्हणजे कौल फुटलं तरी गळत नाही, सवडीने बदलता येतं. खारी हवा असल्यामुळे लोखंड गॅल्वनाइझ करून घ्यायचा (जस्ताचा थर द्यायचा) त्यांचा हट्ट होता आणि त्यात खर्च वाढला. आढ्याजवळ गरम हवा बाहेर जायला फट ठेवलीय, वर कोनं (आढ्यावरची कौलं) थोडी उचलून, जाळी लावून. एप्रिलमध्ये दुपारी पंखा एक वर पुरतो. बाथरूमच्या वरची छोटी स्लॅब फिलर स्लॅब आहे, म्हणजे स्लॅबच्या खालच्या भागात जिथे काँक्रीट नुसतं वजन म्हणून असतं तिथे जुन्या घराची कौलं घातली, काँक्रीट वाचलं आणि आंघोळ करताना वर बघितलं की जुन्या घराची कौलं दिसतात. आर्किटेक्ट लॉरी बेकर यांनी केरळात ही पद्धत खूप वापरली, तिथूनच सगळीकडे पसरली.

भिंती जांभ्याच्या चिऱ्याच्या. चिरा खाणीतून निघतो तेव्हा ओलसर आणि तुलनेने मऊ असतो, हवा-ऊन लागलं की कडक होतो, म्हणून आणल्या आणल्या लावायचा नाही, रचून ठेवायचा. आर्किटेक्ट स्वतः आमच्याबरोबर खाणीवर आले आणि चिरा कसा बघायचा ते दाखवलं, पांढरी-पिवळी माती भरलेली भोकं जास्त असतील तर तो घेऊ नका, पावसात माती धुऊन जाते आणि भिंत चाळणीसारखी पाणी पिते. आमच्याकडे बाहेरून प्लास्टर नाही, रंग नाही, फक्त दरजा भरलेल्या. सड्यावर उभं राहून खाली बघितलं तर घर सापडत नाही, कातळाचा रंग आणि भिंतीचा रंग एकच, कारण माल तोच आहे. श्रावणात उत्तरेच्या भिंतीवर शेवाळ येतं, दिवाळीनंतर वाळून गळतं. ज्यांना हे चालत नाही त्यांनी चिरा उघडा ठेवू नये, सरळ सांगते.

आतून मात्र त्यांनी उघडा चिरा ठेवू दिला नाही आणि हा निर्णय मला घरात राहायला लागल्यावर जास्त पटला. हल्ली हॉटेलांत आत पण उघडा जांभा ठेवायची फॅशन आहे, फोटोत भारी दिसतं, पण तो लाल दगड उजेड खातो, जुलैच्या ढगाळ दिवसात खोली अंधारी होते, आणि बारीक भुकटी पडत राहते. आमच्याकडे आतून चुन्याचा गिलावा, पांढरा पण झगझगीत नाही. जमीन घोटलेल्या सिमेंटची, राखाडी, फक्त देवाच्या जागी लाल ऑक्साइड. लाकूड जुन्या घराचंच वापरलं जिथे वाळवी लागलेली नव्हती तेवढं, फणसाचे दोन खांब पडवीत परत उभे आहेत. बाकी फर्निचर जवळपास नाही. चार गोष्टींत घर संपतं, चिरा, चुना, लाकूड, कौल.

चतुर्थीचा विचार त्यांनी केलाय का हा आईंचा पहिला प्रश्न होता. मधली खोली लांब आहे, माजघरासारखी, एका बाजूला सलग दीड फुटी कट्टा, त्यावर गाद्या टाकल्या की मुंबईहून आलेली सगळी पोरं झोपतात. गणपतीच्या जागेवर माटवी (वर टांगायची सजावटीची लाकडी चौकट) बांधायला छताला हुक पाहिजेत हे आईंनी सांगितलं, तेव्हा त्यांनी फ्रेम बनतानाच ते वेल्ड करून घेतले, नंतर ड्रिल मारायची वेळ आली नाही. इतर अकरा महिने ते हुक दिसतही नाहीत.

आता तक्रारी, आणि या लहान नाहीत.

ड्रॉइंग उशिरा आली. प्रत्येक गोष्टीचा विचार करतात हे चांगलं, पण साइटवर माणसं बसून राहतात तेव्हा मजुरी चालू असते. चिरेखाणी पावसात बंद होतात हे त्यांना आमच्यापेक्षा चांगलं माहीत, तरी मागच्या भागाचं ड्रॉइंग लांबलं आणि शेवटचा लॉट पावसानंतर दुसऱ्या खाणीतून घ्यावा लागला. दोन्हींच्या रंगात फरक आहे, एक गडद, एक पिवळट, उत्तरेच्या भिंतीवर आडवी रेषा मारल्यासारखं दिसतं. जिथे सगळं घर दगडाच्या रंगावर उभं आहे तिथे हे खुपतं.

दारं. आतल्या दारांना हँडल नाहीत, नुसती खाच, भिंतीच्या सपाटीत बसणारी, दिसायला सुंदर. पहिल्याच पावसात लाकूड फुगलं आणि खाचेत बोटं घालून दार ओढता येईना, आई एकदा आत अडकून बसल्या. त्यांना फोन केल्यावर ते आले, टाळाटाळ केली नाही, पावसाळा संपल्यावर सुतार पाठवून रंधा मारून दिला आणि आईंच्या दाराला पितळी कडी लावली, सुताराचे पैसे घेतले नाहीत. पण कोकणात काम करणाऱ्यांकडून हे व्हायला नको होतं. माझ्या मते सगळ्याच दारांना कड्या पाहिजेत, दिसल्या तर दिसल्या.

मच्छरजाळ्या डिझाइनमध्येच नव्हत्या. पडवीकडच्या सरकत्या झडपांना जाळी लावायला जागा नाही, आता नंतर लावलेली जाळी चिकटवल्यासारखी दिसते. संध्याकाळी साडेसहा ते आठ दारं बंदच ठेवावी लागतात, नेमकी ज्या वेळेला वारा सुटतो.

आणि सामान. घर कमी वस्तूंचं दिसायला पाहिजे तर वस्तू ठेवायला जागा जास्त लागते, हे साधं गणित आहे. गावच्या घरात कोयते, खोरी, आंब्याचे क्रेट, गोणपाट, मोठे टोप, पाहुण्यांच्या गाद्या, सुकवलेली आमसुलं, लाकडं, एवढं सगळं असतंच, ते घर वापरात असल्याचं लक्षण आहे. त्यांनी दिलेली कोठी पहिल्याच आंब्याच्या सीझनला भरली. शेवटी मागच्या बाजूला वेगळी खोपी बांधली, गवंड्यांनीच, ड्रॉइंगशिवाय, आणि खरं सांगायचं तर ती पण छान झालीय कारण तोच चिरा, तीच कौलं.

पैशांबद्दल. फी बांधकामाच्या टक्केवारीवर होती, टप्प्याटप्प्याने, सगळं लेखी. साधं घर म्हणजे स्वस्त घर असं कुणी समजत असेल तर तसं नाही. भिंती परवडल्या, छप्पर आणि सुतारकाम महाग पडलं, कारण वर पीओपी नाही, रंग नाही, झाकायला काही नाही म्हटल्यावर प्रत्येक जोड उघडा दिसतो आणि तो नीट करणारा कारागीर त्याचे पैसे घेतो. दुसऱ्या बाजूला दरवर्षीचा रंग नाही, गळती नाही, एसी घेतला नाही. जेसीबी, भराव आणि रिटेनिंग वॉलचे जे पैसे वाचले त्यात कौलांखालचं सगळं लोखंड आलं, हा हिशोब आमच्या ह्यांनी मांडून बघितलाय.

पाचपैकी चार देईन. एक कापला तो दारं, जाळ्या आणि उशिरासाठी. देवगड-मालवण पट्ट्यात कुणी बांधत असेल तर आर्किटेक्ट कोणीही घ्या, पण कामाला हो म्हणण्याआधी त्यांनी पाच-सात वर्षांपूर्वी बांधलेलं एखादं घर ऑगस्टमध्ये जाऊन बघा, त्या घरातल्या बाईशी बोला, दारं उघडून बघा, कोठीत डोकवा. आणि चिऱ्याचा सगळा लॉट एकाच खाणीतून, मेच्या आत उचला.